नवदख्खन बँकेचे तीन भागधारक

७ जानेवारी २०२५, गोरेगाव (जि. हिंगोली)

एकतीस वर्षं आरोग्य सेवकाची नोकरी केली आणि एकतीस वर्षं रोज डायरी लिहिली. आज किती घरं फिरलो, तापाचे किती, रक्तनमुने किती. ती साहेबाच्या सहीसाठी होती. ऑक्टोबरात निवृत्त झालो, तेव्हापासून लिहायला काही नव्हतं. आज आहे. नवदख्खन बँकेचे पंधराशे शेअर घेतले, शहाण्णव रुपयांनी.

सरिता मेथी निवडत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "बँकेत पैसे ठेवायचे सोडून बँकच इकत घेतली का तुमी?"

मी म्हणालो, ठेव ठेवणारा काउंटरच्या बाहेर उभा राहतो, शेअर घेणारा आत बसतो. तिनं मेथीची जुडी झटकली आणि पुढची घेतली. तिला हे विषय समजत नाहीत.

१९ जानेवारी

सकाळी चाँद पाशाच्या दुकानात बसलो. सेनगाव रोडवरचं त्याचं शिलाईचं दुकान म्हणजे माझी रोजची बैठक. ओळख वीस वर्षांची. चिकनगुन्याच्या साथीत त्याच्या घरात सगळे आडवे झाले होते, तेव्हा मी रोज गोळ्या घेऊन जायचो. तेव्हापासून तो मला साहेब म्हणतो आणि मी त्याला पाशाभाई. बायको वारून पाच वर्षं झाली. एकुलती मुलगी शाहिस्ता यंदा बारावीला आहे. तिला नर्सिंगला घालायचं हे माझंच डोकं. पाशाभाई आधी नको म्हणत होता, पण माझं ऐकलं. पहिल्या वर्षाच्या फीसाठी त्यानं ऐंशी हजार जमवून ठेवलेत.

आज कापड कापता कापता म्हणाला, "साहेब, हे पैसे जुलैपर्यंत नुसते पडून हाएत. तुमच्या बँकेत टाकले तर?"

बाकावर भावसिंग होता. राज्य राखीव पोलीस दलातून निवृत्त झालेला, तांड्यावरून रोज मोटारसायकलवर चहाला येतो. तो म्हणाला, "लेकराच्या फीचे पैसे काहून लावता? माझ्यासारखे दोनशे शेअर घ्या, गंमत पाहा."

"हिंगोलीच्या ब्रँचात जाऊन पाहा," पाशाभाई म्हणाला. "एसी हाय, उभं ऱ्हायाला जागा न्हाई, एवढी गर्दी."

"गर्दी तर एसटी स्टँडवरबी ऱ्हायते," भावसिंग म्हणाला. आम्ही तिघंही हसलो.

मी मग नीट समजावलं. नफा वाढतोय, शाखा वाढताहेत, मोबाईलवरचे सगळे जाणकार एकशे चाळीसचा भाव सांगताहेत. मी कुणालाही घ्याच असं म्हणालो नाही, हे इथं लिहून ठेवतो. फक्त माहिती दिली.

२२ जानेवारी

पाशाभाईनं आठशे शेअर घेतले, अठ्ठ्याण्णवनं. बटणं मीच दाबून दिली, त्याला त्या अ‍ॅपमधलं कळत नाही.

८ फेब्रुवारी

भाव एकशे सात. पाशाभाईनं चहाबरोबर भजी मागवली. शाहिस्ता दुकानात पिको-फॉलच्या मशीनवर साडीला फॉल लावत होती. परीक्षा तोंडावर आहे तरी रोज दोन तास बसते. मला म्हणाली, "काका, अब्बा आता दर अर्ध्या घंट्याला मोबाईल पाहतात. काल बाहीला कॉलर लावत होते."

खूप हसलो.

२० फेब्रुवारी

वाईट दिवस. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीला बँकेनं दिलेलं मोठं कर्ज थकलं आहे आणि ते वर्षभर दाबून ठेवलं होतं, असं बाहेर आलं. मोठ्या साहेबानं राजीनामा दिला. बाजार उघडला तसा भाव शंभरावरून एकदम एक्क्याऐंशी, बंद होताना चौऱ्याहत्तर.

भावसिंग बाकावर बसायच्या आधीच म्हणाला, "मी इकले. चौदा हजार आठशे आले. साडेचार हजाराची शिकवणी समजतो."

मी म्हणालो, "घाबरून विकणारे नेहमी तोट्यात जातात. राजीनामा दिला म्हणजे साफसफाई झाली. आता खरं तर आणखी घ्यायची वेळ आहे. खालच्या भावात घेतले की आपल्या खरेदीची सरासरी उतरते."

"साहेब, एक गोष्ट सांगा," भावसिंग म्हणाला. "वर्षभर दाबून ठेवलं, तर आणखी काय काय दाबलं असंल?"

"राखीव दलात होता, अन् एवढं भ्यायचं?" मी म्हणालो. तसं बोलायला नको होतं. तो उठून गेला.

पाशाभाई आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहत होता. शेवटी म्हणाला, "साहेब हाएत तवर मी हाय."

३१ मार्च

ईद. पाशाभाईकडं शीरखुर्मा खाल्ला. आज बाजार बंद, त्यामुळं डोक्याला शांतता. भाव साठ-सत्तरच्या मध्ये रेंगाळतोय. त्यानं विषय काढला नाही. मीही काढला नाही. निघताना शाहिस्तानं डबा भरून दिला. सरिताला शीरखुर्मा आवडतो हे ती विसरत नाही.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक सेनगाव रोडवर आली तेव्हा पाशाभाईनं नेहमीसारखं दुकानासमोर सरबताचं पिंप मांडलं होतं. स्वतःच्या हातानं ग्लास भरून देत होता. मला पाहून ओरडला, "साहेब, तुमाला दोन!"

पण थकलेला दिसला. रमजानच्या रोज्यांचा शीण अजून उतरला नसेल.

१५ एप्रिल

पेन्शनच्या कामासाठी हिंगोलीला गेलो होतो. काम लवकर झालं म्हणून नवदख्खनच्या शाखेत डोकावलो. आतला एक अधिकारी ओळखीचा निघाला. कुरुंद्याला माझी नोकरी असताना त्याला लहानपणी मीच गोवराची लस टोचली होती. त्यानं बाजूला बसवलं, चहा मागवला. मी म्हणालो, तुमच्या बँकेचा मी मालक आहे, पंधराशे शेअर आहेत.

त्याचा चेहरा उतरला. टेबलावरचे कागद सारखे करत हळू म्हणाला, "काका, असतील तर काढून टाका. मी तुमाला काही बोललो न्हाई."

बाहेर आलो. रसवंतीच्या सावलीत उभा राहून सगळे विकले. सहासष्ट रुपयांनी. पंचेचाळीस हजार गेले. शेअर विकले गेल्याचा संदेश आला, तो दोनदा वाचला. परतीच्या जीपमध्ये छान झोप लागली.

सरिताला सांगितलं. ती म्हणाली, "पाशाभाईला फोन केला का?"

म्हणालो, उद्या भेटतो तेव्हा सांगतो. फोनवर असल्या गोष्टी नको.

१६ एप्रिल

दुकानात गेलो. सांगणार होतो. शाहिस्ता तिथंच बसली होती, पेपर संपल्यावर आता दिवसभर दुकानात असते. तिच्यासमोर कसं सांगायचं? पाशाभाईनंच विचारलं, "साहेब, तुमी ठेवलेत ना अजून?"

मी "व्हय" म्हणालो.

का म्हणालो ते नीट विचार करून लिहितो. एक म्हणजे, त्या पोरानं विश्वासानं सांगितलं. मी बोललो आणि गावभर झालं तर त्याची नोकरी जाईल. दुसरं, त्याचा तरी काय भरवसा? छोटा अधिकारी, त्याला वरचं काय कळणार? भाव उद्या नव्वदला गेला तर पाशाभाई आयुष्यभर म्हणेल, साहेबांनी माझं नुकसान केलं. तिसरं म्हणजे, मी भावसिंगला भित्रा म्हणालो होतो.

पाशाभाई म्हणाला, "मग आता खाली घेतले तर सरासरी उतरंल का? तुमी म्हणले होते."

"हिशोबानं उतरते," मी म्हणालो. हिशोब तर खराच आहे. चुकीचं काही सांगितलं नाही.

२१ एप्रिल

पाशाभाईच्या दुकानातला कोपरा रिकामा दिसला. पिको-फॉलचं मशीन नाही. विचारलं तर म्हणाला, "दुरुस्तीला दिलं, हिंगोलीला." जुनं मशीन, पार्ट मिळायला वेळ लागत असेल.

शाहिस्ता हातानं फॉल शिवत होती.

५ मे

बारावीचा निकाल. शाहिस्ताला एक्क्याऐंशी टक्के! पेढे घेऊन दोघंही घरी आले. सरितानं तिला ओवाळलं. पाशाभाईच्या डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाला, "हे तुमच्यामुळं, साहेब. मी तर हिला मशीनवरच बसवणार होतो."

भाव सत्तावन्न. ते गेल्यावर सरिता म्हणाली, "सांगितलं का अजून?"

मी म्हणालो, आजचा दिवस आनंदाचा आहे. तिनं ओवाळणीचं ताट उचललं आणि आत गेली. आजकाल ती कमी बोलते. वयोमानानं होतं असं.

३ जून

रोज मोबाईलवर भाव पाहतो, जसे काही माझेच आहेत. आज त्रेपन्न. मनात सारखं येतं की वर जावा, पाशाभाईचा भाव निघावा, मग मला काही सांगायचीच गरज पडणार नाही. एवढं मी माझे असताना देवाला मागितलं नव्हतं. आता ज्या कुणाला मागायचं त्याला मागतो.

पिको मशीन अजून आलेलं नाही. म्हणालो, दुसऱ्या कुणाकडं दाखव. पाशाभाई नुसता हसला.

१७ जून

दुकानात भावसिंग आणि माझी पुन्हा जुंपली. तो पाशाभाईला म्हणत होता, "आज पन्नास मिळून राहिले, घ्या. पुढच्या महिन्यात फी भरायचीय. निम्मी तर भराल. तिचं वर्ष काहून घालवता?"

पाशाभाई म्हणाला, "साहेबांचे पंधराशे हाएत. माझ्या दुप्पट. ते एवढे शिकलेले, त्यांना तकलीफ न्हाई का होत? तरी बसलेत ना दम धरून."

भावसिंगनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पोलिसातला माणूस, नजर तशीच.

"खरंच बसलात का, साहेब?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "हा काय चौकशीचा प्रकार आहे?" आणि उठून आलो. संताप आला होता. दुसऱ्याच्या पैशात एवढं नाक खुपसायचं कारण काय?

२१ जून

दुकानात गेलो नाही, चार दिवस झाले. पाशाभाईनं दोनदा फोन केला. शाळेच्या गणवेशाची कामं चालू आहेत, त्यालाही वेळ नसणार.

५ जुलै

बातमी काल संध्याकाळीच आली होती, आज पेपरात आहे. नवदख्खन बँक एका मोठ्या बँकेत विलीन करणार. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित. शेअर असणाऱ्यांना काहीही मिळणार नाही. खरेदी-विक्री बंद. भाव नाहीच आता. पन्नास नाही, पाच नाही. काहीच नाही.

तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनात काय आलं ते खोटं न बोलता लिहितो: बरं झालं मी विकले.

मग पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर घराबाहेर पडलो नाही.

६ जुलै

पाशाभाई आला. दाढी वाढलेली. मी उठून उभा राहिलो. वाटलं, आता हा कॉलर धरणार, आणि धरली तर मी काही बोलणार नाही.

तो माझ्या शेजारी बसला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"साहेब, काल आले न्हाईत, परवा आले न्हाईत. मला भ्या वाटलं. पेपरात वाचतो ना आपण, माणसं काय काय करून घेतात." मग सरिताकडं वळून म्हणाला, "वहिनी, यांच्यावर ध्यान ठेवा. माझं गेलं ते गेलं. यांचं तर माझ्या दुप्पट गेलं. नोकरीभराची कमाई."

सरिता दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

पाशाभाई बोलत राहिला. पैसा हातचा मळ, हातपाय शाबूत आहेत, शाहिस्ताला पुढच्या वर्षी बघू, नाही तर शिलाईचं काम काय वाईट आहे. मला पाणी प्यायला लावलं. अर्धा तास माझी समजूत काढून गेला. जाताना दारातून परत फिरून म्हणाला, "उद्या दुकानात या. एकटं बसू नका."

तो गेल्यावर सरिता म्हणाली, "त्यानं तुमची समजूत काढली. अन् तुमी काढू दिली."

एवढंच म्हणाली. जेवायला वाढलं, पण स्वतः माझ्याबरोबर बसली नाही.

७ जुलै

सांगितलं.

सकाळी शाहिस्ता पाणी भरायला गेली होती, गिऱ्हाईक नव्हतं. मी बाकावर न बसता उभ्यानंच म्हणालो, "पाशाभाई, माझे शेअर नव्हते. मी आधीच विकले होते."

तो शर्टाच्या बाहीवर खडूनं खूण करत होता. हात थांबला.

"किती तारखेला?"

"पंधरा एप्रिल."

त्यानं खडू खाली ठेवला. कॅलेंडरकडं पाहिलं. मनात काही जुळवत होता.

"सोळाला मी तुमाला इचारलं."

"व्हय."

"इथंच. तुमी या बाकावर होते."

"व्हय."

"सतराला मी मशीन इकलं," पाशाभाई म्हणाला. "शाहिस्ताच्या अम्मीचं होतं ते. अकरा हजार आले. तुमच्या बँकेचे आणखी घेतले. ॲपमधलं तवर मला यायला लागलं होतं."

दुरुस्तीला गेलं नव्हतं तर. मला हे कळायला हवं होतं. अडीच महिने तो कोपरा माझ्यासमोर रिकामा होता.

मी बँकेतल्या पोराचं सांगायला लागलो, त्याच्या नोकरीचं, माझ्या मनातल्या घोळाचं. त्यानं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "कापड देऊन टाकायचंय दुपारपर्यंत. तुमी या आता."

त्यानं कैची उचलली. मी बाहेर आलो.

१२ जुलै

सरिताशी बोलून ऐंशी हजारांचा चेक लिहिला आणि भावसिंगच्या हाती पाठवला. मी गेलो तर तो घेणार नाही हे माहीत होतं. भावसिंग तासाभरात चेक घेऊन परत आला.

"न्हाई घेतला. म्हणला, साहेबांना सांगा, बाजारात माझं गेलं ते माझ्या हातानं गेलं. त्याचे पैसे मी घेत न्हाई." मग दारातच उभं राहून भावसिंग म्हणाला, "मी तवाच ओळखलं होतं. जूनमध्येच. पण मला वाटलं, तुमीच सांगाल. मी बोललो असतो तर तिचे निम्मे पैसे तरी वाचले असते. त्याची मलाबी झोप न्हाई."

चहा विचारला, तर नको म्हणाला.

२८ जुलै

दुकानासमोरून दोनदा गेलो. पाशाभाई मान वर करत नाही. बाकावर आता कापडाचे गठ्ठे ठेवलेले असतात.

६ ऑगस्ट

शाहिस्ता आली, एकटी. चप्पल बाहेर काढून दारातच उभी राहिली. सरितानं हाताला धरून आत आणलं.

"काका, प्रवेशाची मुदत या महिन्याअखेर हाय," ती म्हणाली. "अब्बा तुमचा पैसा घेत न्हाईत. मी घ्यायला आले."

मी चेकबुक आणायला उठलो. ती म्हणाली, "थांबा. आधी ऐका. मी अब्बांशी आठ दिवस भांडून आले. चोरून न्हाई आले. अन् हे मी उपकार म्हणून घेत न्हाई."

"बेटा, हे तुझेच आहेत," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, "माझेच हाएत."

अठरा वर्षांची मुलगी. तिच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही. कॉलेजच्या नावाच्या चेकवर सही करताना पहिल्यांदा चुकली, दुसरा चेक लिहावा लागला. सरितानं तिच्या हातात साखर ठेवली. ती तिनं खाल्ली, सरिताच्या पाया पडली. माझ्याकडं पाहून मान हलवली आणि गेली.

२५ ऑगस्ट

आज हिंगोलीला नर्सिंग कॉलेजात प्रवेश झाला. चेक वटायला अडचण यायला नको म्हणून शाहिस्तानं फोन करून मला यायला सांगितलं होतं. आम्ही तिघं एकाच जीपमध्ये होतो. पाशाभाई पुढं ड्रायव्हरजवळ, मी सगळ्यात मागं, शाहिस्ता मध्ये, मांडीवर कागदांची पिशवी. पाशाभाईनं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता.

ऑफिसातल्या बाईंनी कागद तपासले, गुणपत्रिका पाहून शाहिस्ताला शाबासकी दिली. पालकाची सही पाशाभाईनं केली, सावकाश, एकेक अक्षर कोरून. मग बाईंनी चेकवरचं नाव वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"खिल्लारे म्हणजे तुम्ही? मुलीचे कोण लागता? इथं नातं लिहावं लागतं."

पाशाभाईनं पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

"गावातले हाएत."

बाईंनी तेच लिहून घेतलं.

शाहिस्तानं पावती नीट घडी करून पिशवीत ठेवली. बाहेर आल्यावर दोघं बाप-लेक वसतिगृहाची खोली पाहायला गेले. मी फाटकापाशी थोडा वेळ थांबलो. मग स्टँडवर जाऊन पहिल्या जीपमध्ये बसलो आणि एकटाच गोरेगावला आलो.